कंट्रोलला हात लावू नये

४ नोव्हेंबर

धाकटे,

तीन वर्षांनी तुझं पत्र आलं, तेही रजिस्टर्ड. सही करून घ्यावं लागलं. म्हणजे 'मिळालंच नाही' असं म्हणायची सोय तू ठेवली नाहीस. ही अक्कल तुझी नव्हे, तुझ्या नवऱ्याची असणार. चष्मेवाल्यांना पोच, शिक्का, सही यांचं फार.

दोन पानं आहेत. खुशाली विचारलेली नाहीस, एकदम मुद्द्याला हात घातलास. ते मला आवडलंही असतं, पण मुद्दाच इतका अडाणी आहे की मी पान उलटून बघितलं, मागे 'गंमत केली' असं लिहिलंय का.

तुझं म्हणणं असं, की अकरा वर्षांपूर्वी 'आपण' लावलेला शोध हा शोधच नव्हता. ('आपण' हा शब्द तुझा. असू दे.) पेशीच्या अंगावरचा एक रिसेप्टर, जो कशाने जागा होतो हे जगात कोणालाच माहीत नव्हतं आणि म्हणून ज्याला आमच्या धंद्यात अनाथ म्हणतात, त्याला जागं करणारं पेप्टाइड मी शोधलं. त्यावर माझं नाव झालं, मला ही प्रयोगशाळा मिळाली, पाठ्यपुस्तकात अर्धं पान मिळालं. आणि तू आता चष्म्याच्या दुकानात फ्रेमा पुसता पुसता मला कळवतेस, की पेप्टाइडचा काही संबंध नाही, पेशी ज्या द्रवात वाढतात ते नुसतं साधं मीडियम त्यांच्यावर ओतलं असतं तरी हेच झालं असतं.

पुरावा? पुरावा नाही. 'ताई, एकदाच कंट्रोलवर साधं मीडियम ओतून बघ. चार डिश, दोन दिवस. एवढंच मागते.'

एवढंच!

भाषणांत मी रिसेप्टरला दारावरची बेल म्हणते. बाहेरून दाबली की आत निरोप जातो आणि आतली मंडळी कामाला लागतात. पाहुणे माना डोलावतात, मग खाणं असतं. तू त्या पाहुण्यांपैकी नाहीस म्हणून सरळ विचारते. ज्या पेशींमधून आपण तो रिसेप्टर काढून टाकला होता, त्यांच्यावर तेच पेप्टाइड तूच घातलंस ना? काय झालं? काहीही नाही, निरोपाची खूण जिच्यावर उमटते ती फिल्म कोरी. ज्यांच्यावर रिसेप्टर होता तिथे काळी पट्टी उमटली, म्हणजे निरोप आत पोचला. आणि कंट्रोल कोरा. याहून स्वच्छ प्रयोग तू जन्मात पाहिला आहेस का?

कंट्रोल म्हणजे जिला काहीही केलेलं नाही ती डिश. तिला इन्क्युबेटरच्या उबेत, अंधारात, शांत राहू द्यायचं आणि बाकीच्यांची तिच्याशी तुलना करायची. 'कंट्रोलला हात लावू नये' ही माझ्या अक्षरातली पाटी इन्क्युबेटरच्या दारावर अजून आहे. कोपरे पिवळे पडलेत, पण काढायची कोणाची छाती झालेली नाही.

राहता राहिली तुझी नोकरी. कॉलेजची प्रयोगशाळा सांभाळायची जागा आहे, आणि ते लोक तुझ्या फायलीतल्या एका शेऱ्यावर अडलेत: 'नोंदी विश्वासार्ह नाहीत.' माझा लेखी खुलासा तीस तारखेपर्यंत आला नाही तर जागा दुसऱ्या कोणाला तरी जाईल. त्याला मी काय करू? शेरा समितीने मारला, मी नाही. समितीला लिही. तेही रजिस्टर्ड लिही.

ताई


९ नोव्हेंबर

धाकटे,

या वेळी पोस्टकार्ड! पोस्टमनपासून आमच्या शिपायापर्यंत सगळ्यांनी वाचलं असणार, आणि सुदैवाने कोणाला काही कळलं नसणार. इनमिन चार ओळी:

'रिसेप्टर नसलेल्या पेशींना ओतलेलं कळत नाही. असलेल्यांना कळतं. म्हणजे तो रिसेप्टर ओतण्याचा धक्काच ओळखतो. आणि ताई, तू मला काम करताना कधी बघितलंस का?'

पहिल्या तीन ओळींना उत्तर देण्याइतकी मी रिकामी नाही. चौथीला देते.

नाही बघितलं. कशाला बघायचं? मी विचार करत होते, तू हात चालवत होतीस. आई म्हणायची, थोरलीचं डोकं आणि धाकटीचे हात. काठोकाठ भरलेलं पातेलं घेऊन तू तीन मजले चढायचीस आणि थेंब सांडत नसे. मी जिन्यात पुस्तक घेऊन बसलेली असायची. तुला जायला जागा द्यावी म्हणून पायही आखडून घेत नसे, हे मला पक्कं आठवतं. तू वळसा घालून जायचीस.

प्रयोगशाळेतही तेच होतं. ती पट्टी तुझ्याशिवाय आपल्याकडे कोणालाच मिळाली नाही, हे मी विसरलेले नाही. दोन पीएचडीवाले रडकुंडीला आले. मी त्यांना म्हणायची, तुमच्या हाताला वळण नाही, माझ्या बहिणीकडे बघून शिका. ते बिचारे माझ्याच पद्धतीने करत होते: पेप्टाइडचा बारीक थेंब डिशमध्ये सोडायचा आणि गप्प बसायचं. तू मात्र (हे मला तुझ्या पहिल्या पत्रातून कळलं!) जुनं मीडियम काढून टाकायचीस आणि पेप्टाइड मिसळलेलं नवं, कोमट मीडियम भरायचीस. का, तर म्हणे थेंब एका कोपऱ्यात बसून राहतो आणि सगळ्या पेशींना सारखं मिळत नाही. पेशींची दया आली तुला! शोधनिबंधात मी एकच शब्द लिहिला होता, पेप्टाइड 'घातलं'. तू ते कसं घालतेस याची चौकशी करत बसणं माझं काम नव्हतं.

मग दुसऱ्या एका प्रयोगशाळेने छापलं की त्यांना पट्टी मिळत नाही. त्यांच्याकडे थेंब सोडायला यंत्र आहे, आणि त्यांची अक्कलही त्या यंत्राएवढीच. समिती बसली. पाच माणसं, पाच पाण्याच्या बाटल्या, आणि पेशी जन्मात न पाहिलेला एक अध्यक्ष. त्याने विचारलं, 'प्रयोग होत असताना आपण हजर होतात का?' मी म्हटलं, 'नाही. सगळं तिच्या हातचं आहे.' यात खोटं काय आहे? तू बाहेर खुर्चीवर बसली होतीस, दार अर्धवट उघडं होतं. तुला ऐकू गेलं असणार. जाऊ दे. मी मुद्दाम आवाज खाली केला नाही. शोधनिबंध बचावला आणि तुझी नोकरी गेली. तुझ्या दृष्टीने वाईट झालं, पण मी समितीला एकही वाक्य खोटं सांगितलं नाही. हे लिहून ठेव.

उद्या तळघरातून तुझ्या वह्या काढणार आहे. प्रयोग करायला नव्हे. नोंदी विश्वासार्ह होत्या की नाही ते माझ्या डोळ्यांनी बघते, मग पुढचं बोलू.

ताई


१२ नोव्हेंबर

धाकटे,

एक ते सव्वीस वह्या आहेत. चौदा नंबरची नाही. बरोब्बर तीच, पहिल्या पट्टीच्या महिन्याची.

तू नेलीस. साळसूदपणाचा आव आणू नकोस. तू शेवटच्या दिवशी निघालीस तेव्हा रखवालदार पिशवी तपासणार होता. मी वरून हात केला आणि म्हटलं, राहू दे, बहीण आहे माझी. भलेपणाचं हे असं होतं. आठ दिवसांत वही परत आली नाही, तर खुलासा जाईल तुझ्या कॉलेजला, पण तुला हवा आहे तो नव्हे.

ताई


१५ नोव्हेंबर

धाकटे,

वही सापडली. माझ्या घरी होती, लिहायच्या टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात, सन्मानचिन्हांच्या खाली. खण काचेच्या त्या ठोकळ्यांनी इतका जड झाला होता की ओढायला गुडघे टेकावे लागले. (एका ठोकळ्यावर माझं आडनाव चुकलेलं आहे. सन्मान करताहेत आणि कोणाचा ते ठाऊक नाही.) कधीतरी मीच घरी आणली असणार. चोरीचा आरोप मागे घेते, वहीपुरता.

तेवढ्यात तुझं कार्डही आलं. 'पिशवीत डबा होता आणि आईचा फोटो.' असली वाक्यं लिहायची तुला पहिल्यापासून खोड आहे.

वही अजून उघडलेली नाही. वेळ नाही.

वेळ नाही कारण आमच्याकडे एक नवी प्राध्यापिका आली आहे. चाळिशीची आहे आणि माझ्या निम्म्या प्रयोगशाळेवर डोळा ठेवून आहे. सगळं तयार किटमधून करते. खोका उघडायचा, एक नंबरच्या बाटलीतलं दोन नंबरच्या बाटलीत घालायचं, की झालं संशोधन. वर तोंडाचा पट्टा सतत चालू. मी तिला किटकिट म्हणते, तोंडावर म्हणते, आणि ती हसते. अशा माणसांचं काय करायचं?

काल ती इन्क्युबेटरसमोर उभी राहून पाटी वाचत होती.

'मॅडम, ही पाटी काढायची का?'

'का? तुम्हाला टोचते?'

'नाही हो. पण कंट्रोललाही तेवढाच हात लागायला हवा ना? पेप्टाइड सोडून बाकी सगळं सारखं. मी पहिल्या वर्षाच्या मुलांना हेच सांगते.'

'आणखी काय काय सांगता मुलांना?'

'विचारायला लाजू नका, असं सांगते.'

मी तिला फ्रीझरची यादी करायला लावली. ती तीही हसत करून आली.

तुझ्या प्राचार्यांचा फोन आला होता. आवाजात भलती अजिजी. 'बाईंचं काम चोख असतं असं कानावर आहे. तेवढा खुलासा मिळाला तर आम्हाला बरं पडेल.' मी सांगितलं, मॅडम मीटिंगमध्ये आहेत. फोन मीच उचलला होता.

ताई


२० नोव्हेंबर

धाकटे,

गेल्या पत्रात वही उघडली नाही असं लिहिलं, ते खोटं. ती हातात आल्याबरोबर तिथेच जमिनीवर बसून वाचली होती.

पान एकसष्ट. तुझं ते गोल गोल अक्षर, ज्याला मी जन्मभर नावं ठेवली. 'आज चुकून कंट्रोलवरही मीडियम भरलं. साधं, पेप्टाइड नाही. तरी पट्टी आली! पेप्टाइडएवढीच आली. ताईला विचारायचं.' खाली फिल्मचा तुकडा चिकटवलेला आहे. पट्टी अजून ठसठशीत आहे. आणि त्या सगळ्यावरून तिरकी लाल रेघ, आणि कडेला माझं अक्षर. 'वेंधळेपणा. कंट्रोलला हात लावू नये.'

पाटी मी त्याच दिवशी लिहिली. मी मात्र सगळ्यांना सांगत आले की ती प्रयोगशाळेच्या पहिल्या दिवसापासून आहे.

आता तू विचारशील, ताई, तुला आठवत नव्हतं का? मी पाच दिवस तेच विचारतेय स्वतःला. आठवत होतं. सगळं नाही. तू दारात उभी होतीस, हातात ओली फिल्म, तिच्या कोपऱ्यातून पाणी ठिबकत होतं, आणि मी म्हटलं, 'आधी ती फरशी पूस.' चार दिवसांनी मला मोठ्या सभेपुढे हाच शोध मांडायचा होता. तू फरशी पुसलीस. तोवर मी फिल्म उजेडात धरून बघितली. बघितली, आणि मगच लाल पेन उचललं. एवढं आठवत होतं आणि तेवढं पुरेसं होतं.

समितीने दुसराही एक प्रश्न विचारला होता. तो मी तुला कळवला नाही. 'त्यांनी कधी काही विसंगत आढळल्याचं आपल्या कानावर घातलं होतं का?' मी म्हटलं, 'मला आठवत नाही.' ते वाक्य मी हळू म्हटलं. दाराबाहेर ऐकू जाऊ नये म्हणून.

तर मी प्रयोग करायला घेतला. तुझ्यासाठी नव्हे, डोळ्यांवर विश्वास बसेना म्हणून. नऊ वर्षांनी पिपेट हातात धरली. किटकिट शेजारी उभी, कारण तिला कोणी बोलावलं नव्हतं. पहिल्या डिशमध्ये मी मीडियम असं ओतलं की तळाला धरलेला पेशींचा थरच सुटला आणि तरंगायला लागला. 'मॅडम, डिशच्या भिंतीला टेकवून सोडा,' ती म्हणाली. दुसऱ्या डिशला भिंतीला टेकवलं तर अर्धं बाहेर. तिसऱ्या वेळी पिपेटवरची रेघच दिसेना. लांब धरून बघितली, जवळ धरून बघितली. 'मॅडम, चष्मा?' 'मला लागत नाही.' चौथी डिश मी कोपराने पाडली.

सगळं वाया गेलं. नव्या पेशी वाढायला तीन दिवस लागतील. पाठीत उसण भरली आहे. तू रोज आठ आठ तास हे कसं करत होतीस? मी कधी विचारलंच नाही, आणि आता विचारायला तोंड नाही.

ताई


२६ नोव्हेंबर

धाकटे,

झाला प्रयोग. या वेळी हात बरे चालले. तुझ्यासारखे नव्हे, पण बरे.

जिला हात लावला नव्हता ती डिश कोरी. पेप्टाइड मिसळलेलं मीडियम भरलं तिची पट्टी काळी. नुसतं साधं मीडियम भरलं तिची पट्टीही काळी, तेवढीच काळी, मी पट्टी मोजून बघितली. आणि जिच्यात पेप्टाइडचा थेंब अगदी अलगद सोडला, पाणी हलू न देता, ती कोरी. रिसेप्टर काढलेल्या पेशींवर हवं ते ओता, काही होत नाही.

म्हणजे तुझं पोस्टकार्ड बरोबर आणि माझं पाठ्यपुस्तकातलं अर्धं पान चूक. अकरा वर्षं जगभर मान वर करून मिरवले, आणि काय मिरवले, तर तुझ्या हाताचा धक्का. असा संताप आला की फिल्म चुरगाळून टाकावी. किटकिटने ती आधीच हातातून काढून घेतली होती आणि खिडकीशी धरून नाचत होती. 'मॅडम, भारी! हा धक्का ओळखणारा रिसेप्टर आहे! हे तर आधीच्याहून मोठं आहे!'

बाई कितीही बडबडी असली तरी तिचं चुकलेलं नाही. आधीच्याहून मोठं आहे.

आता पुढचं वाच, आणि माझ्याबद्दल जे काही चांगलं मत उरलं असेल ते टाकून दे. तासाभरात मी नव्या निबंधाचं शीर्षक लिहिलं. खाली नावं लिहिली. पहिलं माझं. दुसरं किटकिटचं, तिला गप्प ठेवायला. मग पेन खाली ठेवलं. ठेवलं तेव्हा लक्षात आलं की तिसरं नाव मला सुचलंच नव्हतं.

संचालकांकडे गेले. तुझ्या वेळचे गेले, हे नवे आहेत. आठवड्याला एक फीत कापतात, म्हणून आम्ही त्यांना फीतकापे म्हणतो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, 'बाई, जुनं कशाला उकरायचं? नव्या निबंधात लिहा, आधीच्या कामाचा पुढचा टप्पा. सगळे खूश.'

'आणि बहिणीच्या फायलीतला शेरा?'

'ते प्रशासकीय झालं हो. विज्ञान वेगळं, फाइल वेगळी.'

मी म्हटलं, 'विचार करते.'

त्यांच्या गुळगुळीत टेबलाची, त्यांच्या त्या 'हो'ची मला इतकी किळस आली की तडक बाहेर आले. जिन्यात थांबले आणि कळलं, किळस माझीच येतेय. कारण 'विचार करते' हे मी त्यांना टाळायला म्हटलं नव्हतं. मी खरंच करत होते.

आज सव्वीस. तुझी तीस तारीख मला पाठ आहे. पुढे मी काय करीन याची मलाच खात्री नाही, म्हणून इथेच थांबते.

ताई


३० नोव्हेंबर, दुपार
तुझ्या दुकानासमोरचा बाक

धाकटे,

पोस्टावर माझा विश्वास नाही, म्हणून स्वतः आले. बसमध्ये शेजारचा माणूस सगळा वेळ माझ्या खांद्यावर झोपला होता. प्रवास या प्रकारात माणसाची काही सुधारणा होते असं म्हणणाऱ्यांनी बसने जाऊन बघावं.

सकाळी दहाला तुझ्या कॉलेजात पोचले. प्राचार्य प्रत्यक्षातही तसेच अजिजीचे निघाले. माझ्यासाठी खुर्ची स्वतःच्या रुमालाने पुसली. त्यांना खुलासा दिला आणि पोच घेतली, तारीख, शिक्का, सही सगळं बघून. चष्मेवाल्यांना सांग, मलाही आता पोचेचं महत्त्व कळतं. समितीला, फीतकाप्यांना आणि ज्या मासिकात तो निबंध छापला होता त्यांना हेच पत्र काल गेलं. प्रत सोबत आहे. पण तू लांबलचक पत्रं मधून मधून गाळून वाचतेस, म्हणून मुख्य ओळी इथे उतरवते:

'तिच्या नोंदी अचूक होत्या. विसंगती तिने त्याच दिवशी लिहून ठेवली आणि मला दाखवली. मी ती खोडली. लाल शाई माझी आहे. समितीपुढे मला आठवत नाही असं मी म्हटलं, ते खोटं होतं. निबंध मागे घ्यावा. हा रिसेप्टर धक्का ओळखतो हे प्रथम दिसलं ते वही क्रमांक चौदा, पान एकसष्ट इथे, आणि ते पान तिचं आहे.'

फीतकाप्यांचा लगेच फोन. 'बाई, हे काय करून बसलात?' मग बराच वेळ संस्थेच्या नावाबद्दल बोलत होते. मी फोन टेबलावर ठेवला आणि पेन्सिलीला टोक काढलं. सोमवारी प्रयोगशाळेच्या किल्ल्या किटकिटकडे द्यायच्या आहेत. ती रडली. मी म्हटलं, रडू नका, फ्रीझरची यादी तुम्हीच केली आहे, आता सांभाळा. निघताना पाटी काढून टाकली. दारावर चिकटपट्टीचे चार डाग राहिलेत, ते काही निघत नाहीत.

तीन वर्षं मी तुला फोन केला नाही. लोकांना सांगायची, तिला जरा शांत राहू दे. तुला काही न करणं म्हणजे तुझं काही वाईट न करणं, असं मी स्वतःला पटवलं होतं. असला मूर्खपणा दुसऱ्या कोणी केला असता तर मी त्याला उभं केलं नसतं.

चुकले मी. हे एक वाक्य लिहायला मला सहा पत्रं आणि एक बस लागली.

तू आत आहेस. काचेतून दिसतेस. एका म्हाताऱ्या गृहस्थांच्या नाकावर फ्रेम बसवते आहेस. आधी काडी उजव्या कानामागे, मग डावीकडे, दोन बोटांनी, इतकं हळू की त्यांची मान जागची हलली नाही. मग जरा मागे सरून बघितलंस, फ्रेम काढलीस, गरम करून कणभर वाकवलीस, पुन्हा चढवलीस. ते गृहस्थ बोलताहेत आणि तू मान डोलावतेस, पण लक्ष सगळं बोटांत आहे. अर्धा तास झाला मी इथे बसले आहे. तुला काम करताना बघते आहे.

एक ते चार दुकान बंद, असं पाटीवर लिहिलंय. एक वाजायला सहा मिनिटं आहेत. ते गृहस्थ निघाले की येते. हे पत्र वहीत एकसष्टाव्या पानावर ठेवते आहे. आत आल्यावर आधी सांगीन की डोळे तपासायला आले, आणि त्यात काही खोटं नाही, चष्मा मला कधीचा लागतो आहे. मग तुला हवं ते बोल. हाकलायचं असेल तर हाकल, मात्र वही ठेवून घे.

तुमच्या दारावर ढकला की ओढा ते कुठेच लिहिलेलं नाही. हा काय कारभार आहे? आधी ढकलून बघते.

ताई